मुळांवरून सहगुणक काढताना या चुका टाळा

वर्गसमीकरणाच्या मुळांविषयी काही माहिती दिलेली असते आणि एखादा अज्ञात सहगुणक शोधायचा असतो. असे उदाहरण चार-पाच ओळींत सुटते, पण नेमक्या त्याच ओळींत ठरावीक चुका होताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वांत जुनी चूक चिन्हाची आहे. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या समीकरणात मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ असतो. यातले ऋण चिन्ह एक तर गळते, नाही तर गुणाकारालाही चिकटते. ज्यांनी सूत्र केवळ घोकलेले असते, त्यांच्याकडूनच हे अधिक घडते. हे संबंध ज्याच्या नावाने ओळखले जातात त्या व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने ते धन मुळांपुरतेच मांडले होते, आणि ऋण मुळांसह त्यांची सर्वसाधारण मांडणी जिरार या गणितज्ञाच्या १६२९ च्या ग्रंथात आली. तेव्हा इथे अडखळणाऱ्याने लाजण्याचे कारण नाही, परंतु घाई मात्र करू नये. मी स्वतः आजही कोपऱ्यात अल्फा आणि बीटा ही मुळे धरून अ(क्ष − अल्फा)(क्ष − बीटा) असे लिहून कंस सोडवतो आणि मगच पुढे जातो. त्यामुळे चिन्हही सांभाळले जाते आणि बाहेरचा ‘अ’ही विसरत नाही. २क्ष² + म·क्ष + ३ = ० या समीकरणाची मुळे ३ आणि १/२ असतील, तर म = −७ येतो; ‘अ’ विसरणारे −७/२ लिहून मोकळे होतात.

मुळाची किंमत समीकरणात ठेवताना ऋण संख्येला कंस द्यावा. २क्ष² + म·क्ष − १५ = ० चे एक मूळ −५ असल्यास म = ७ मिळतो, तर कंसाचा कंटाळा करून −५ चा वर्ग −२५ धरणाऱ्याला −१३.

आता माझीच फजिती सांगतो. एका चाचणीसाठी मी प्रश्न काढला होता: ‘क्ष² − म·क्ष + ८ = ० या समीकरणाची मुळे वास्तव असून त्यांच्या वर्गांची बेरीज ९ आहे, तर म काढा.’ वर्गांची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग वजा गुणाकाराची दुप्पट; तेव्हा म² − १६ = ९, म्हणून म = ±५. उत्तर सुबक यावे म्हणूनच मी आकडे तसे जुळवले होते. बहुतेकांनी हेच उत्तर लिहिले आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले. एका उत्तरपत्रिकेत मात्र शेवटी लिहिले होते, ‘विवेचक २५ − ३२ = −७, म्हणून असा म नाही.’ (विवेचक म्हणजे ब² − ४अक; तो ऋण असेल तर मुळे वास्तव नसतात.) त्यावर मी आधी फुली मारली, मग थबकलो, आणि अखेर स्वतःची फुली खोडून सगळा गठ्ठा पुन्हा तपासायला बसलो. प्रश्नातला ‘वास्तव’ हा शब्द शोभेसाठी नव्हता, आणि त्याकडे दुर्लक्ष करणारा पहिला माणूस मीच होतो. खरे तर आकडेमोडीचीही गरज नव्हती, कारण दोन वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज त्यांच्या गुणाकाराच्या दुपटीहून कमी असूच शकत नाही, आणि इथे ती दुप्पट १६ होते. तेव्हापासून म ची किंमत समीकरणात परत ठेवून विवेचक पाहिल्याखेरीज मी उत्तराखाली रेघ ओढत नाही. ही पायरी वेळखाऊ आहे अशी तक्रार करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांचे गुण तेवढे कापतो.

याच सवयीमुळे आणखी एक चूक सापडते. म·क्ष² + ५क्ष + म² = ० ची मुळे परस्परांचे गुणाकार व्यस्त असतील, म्हणजे त्यांचा गुणाकार १ असेल, तर म² = म यावरून ० आणि १ अशा दोन किमती मिळतात; पैकी ० घेतल्यास समीकरण वर्गसमीकरणच उरत नाही.

उलट, खरी किंमत गमावणारेही असतात. क्ष² + म·क्ष + १८ = ० चे एक मूळ दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर ते दुसरे मूळ ३ किंवा −३ असू शकते आणि म अनुक्रमे −९ किंवा ९ येतो.

एक मूळ ३ + √२ दिसताच दुसरे ३ − √२ असे न वाचताच लिहिले जाते. सहगुणक परिमेय असतील तरच ते योग्य ठरते, आणि मग समीकरण क्ष² − ६क्ष + ७ = ० असे मिळते. ती अट नसेल, तर दुसरे मूळ कोणतीही संख्या असू शकते.