शेततळं हिरवं पडलंय? कर्दळ लावा, पण कापायला विसरू नका

परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या उन्हात शेततळ्याचं पाणी आठवड्याभरात हिरवं पडतं. ठिबक सुरू करावं, तर तासा-दोन तासांनी जाळीचा फिल्टर धुवत बसायचं. पावसाळाभर रानातून आणि गोठ्यापासून वाहत आलेलं नत्र-स्फुरद तळ्यात साठलेलं असतं, शेवाळ त्यावरच पोसतं. मोरचूद टाकून ते मरतं, पण कुजून तेच अन्न पुन्हा पाण्यात सोडतं. तळ्यात मासे असतील तर त्यांचाही जीव जातो.

त्यापेक्षा शेवाळाच्या ताटातलं दुसऱ्या कुणाला तरी खाऊ घाला. कर्दळ आणि वाळा या कामाला चांगले. प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात माती टाकून काही लावू नका, आणि पाणकणीस तर मुळीच नको, त्याचे टोकदार कोंब प्लास्टिक फाडतात. बांबूचा ६ बाय ४ फुटांचा ताफा बांधा, खाली झाकणं घट्ट लावलेले रिकामे कॅन अडकवा, वर जुनं शेडनेट ताणा. नेटला भोकं पाडून फूटभर अंतरावर कर्दळीचे कंद किंवा वाळ्याचे ठोंब बसवा. मुळं थेट पाण्यात लोंबली पाहिजेत. दोरीने काठाला बांधा, नाहीतर वाऱ्याने ताफा एका कोपऱ्यात जाऊन बसतो. मासे असतील तर तळ्याचा तिसरा हिस्सा झाकला की थांबा.

दिवाळीच्या आत लावलं तर थंडीआधी मुळं धरतात. थंडीत वाढ मंदावते, फेब्रुवारीपासून जोर येतो. तेव्हा पानं पिवळी पडायच्या आत दांडे कापून तळ्याबाहेर न्या. बहुतेकांचं इथेच चुकतं. फुलं छान दिसतात म्हणून कर्दळ तशीच ठेवतात, मग पानं पाण्यात गळतात आणि वर्षभराची कमाई परत तळ्यात.

जलपर्णीचंही हेच. उजनी धरणाच्या फुगवट्यावर तिचे गालिचे पाहिलेला शेतकरी ती मुद्दाम आणणार नाही, आणि आणूही नये. पोषक पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. पण ओढ्यात आलीच असेल तर मारू नका, उपसा. काठावर पसरून कडक वाळवा, मग शेणकाल्याचे थर देत कुजवा. टनभर ओली जलपर्णी वाळून ५०-६० किलोच उरते, नत्र निघतं जेमतेम किलो-दीड किलो. खत म्हणून फार नाही, पण तेवढं पाण्यातून गेलं.

ओढ्याला कारखान्याचं किंवा शहराचं सांडपाणी येत असेल तर हा पाला गुरांना घालू नका, त्याचं खत भाजीपाल्याला वापरू नका. जड धातू या वनस्पती मुळांत साठवतात. उन्हाळ्यात असल्या पाण्यातला वाळा उपटून माठात टाकायचा मोह होईल. तो माठात नको.