पावसात पुढची चाकं लॉक होत होती
शनिवारी रेसच्या सरावात पाऊस लागला आणि ब्रेक दाबला की पुढची चाकं लॉक, म्हणजे फिरायचीच थांबायची! गाडी वळायचं सोडून सरळच. आधी टायरना दोष दिला. रेन टायर घातले, तरी तेच. ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणी, कोरड्या ट्रॅकचाच राहिला होता. ओल्यात पकड कमी, म्हणून ब्रेक मारल्यावर वजन पुढे कमी सरकतं, आणि पुढच्या चाकांना तेवढा ब्रेक झेपत नाही. नॉब फिरवून बायस जरा जरा मागे नेला. एकदा हावरटपणा केला, तर मागची बाजू सुटून गिरकीच बसली. मग नॉब अर्धा फेरा परत पुढे. रविवारी नेहमीची लाइनही सोडली, म्हणजे सगळे ज्या पट्ट्यावरून गाडी नेतात तो. टायरचं रबर बसलेला तो पट्टा भिजला की साबणासारखा होतो. बाहेरच्या खरखरीत डांबरावरून वळलो. काच मात्र आतून धुरकटतच राहिली.