स्कॉटलंडमध्ये भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? होम रिपोर्ट शेवटून वाचा

डम्फ्रीजसारख्या नदीकाठच्या जुन्या गावात एका बेडरूमचा फ्लॅट स्वस्त दिसतो, पण खर्चाच्या गोष्टी वकिलाची फी भरून झाल्यावर बाहेर येतात. त्या आधीच कळू शकतात, तेही घरबसल्या.

१. एजंटकडून होम रिपोर्ट मागवा, म्हणजे घराच्या तपासणीचा (सर्व्हेचा) अहवाल आणि मालकाची प्रश्नावली असलेली फाईल. विक्रीला काढलेल्या बहुतेक जुन्या घरांसाठी तो कायद्याने बंधनकारक आहे.

२. थेट शेवटी मालकाने भरलेली प्रश्नावली उघडा. छताचा आणि जिन्याचा खर्च कोणाकोणात वाटला जातो, इमारत वारसा यादीत आहे का, पुराने नुकसान झालं होतं का, सगळं तिथे असतं. पुराचा प्रश्न मात्र आताच्या मालकाच्या काळापुरताच असतो. त्याने दोनच वर्षांपूर्वी घर घेतलं असेल, तर 'नाही' या उत्तराला फारसा अर्थ नाही.

३. म्हणून 'सेपा'च्या (स्कॉटलंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या) पूर-नकाशावर पोस्टकोड टाका. डम्फ्रीजमध्ये निथ नदीकाठच्या व्हाइटसँड्स भागात वारंवार पाणी चढतं. तिथला तळमजला मी तरी घेणार नाही.

४. होम रिपोर्टमधल्या सर्व्हेत घराच्या प्रत्येक भागाला दिलेल्या क्रमांकांत '३' शोधा. ३ म्हणजे तातडीची दुरुस्ती.

सांभाळा: तुमच्या नावावर पुण्यात फ्लॅट असेल आणि त्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर तोही तुमचं आधीचं घर म्हणून मोजला जातो. मग स्कॉटलंडमधल्या घराच्या पूर्ण किमतीवर ८ टक्के जादा कर लागतो. ८०,००० पौंडांच्या फ्लॅटवर ६,४०० पौंड.