नव्या मरीन टँकमध्ये कोळंबी, शंख, तारामासे सोडताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

नाशिकला समुद्र नाही. इथल्या प्रत्येक मरीन टँकमधला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातला, थेंब न् थेंब आपण घरी मीठ कालवून तयार केलेला असतो. त्यातली थोडीफार ढिलाई मासे सोसतात, कारण माशाचं शरीर आतल्या क्षारांचं प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळं राखू शकतं. तारामाशाच्या अंगातला द्रव मात्र जवळजवळ समुद्राच्या पाण्यासारखाच असतो. बाहेर जे बदलतं ते थेट त्याच्या आत बदलतं. म्हणून ‘मासे मजेत आहेत, मग कोळंबी का मेली?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकू येतो.

सायकल पूर्ण होण्याआधी सोडणं

यावर फार लिहायला नको. सायकल म्हणजे टँकमधल्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू टँकमध्ये वाढणं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. साधारण ४ ते ६ आठवडे जातात. काचेवर तपकिरी थर धरला की आधी शंख आणि हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) आणा, कारण तेव्हाच त्यांना खायला काहीतरी असतं. क्लिनर श्रिंप (माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारी कोळंबी) त्यानंतर काही आठवड्यांनी. तारामासे आणि अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) यांना निदान सहा-आठ महिने जुना टँक हवा. वाळू चाळणारा तारामासा वाळूतल्या बारीक जिवांवर जगतो. नव्या टँकच्या वाळूत ते नसतात, आणि तो महिनोन्महिने उपाशी राहून मरतो. दुकानात कितीही देखणा दिसला तरी नव्या टँकसाठी तो घेऊ नका.

तांबं आणि फवारणी

नाशिकमध्ये सर्वांत जास्त सांभाळायला हवं ते इथे.

अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या, जिवांना तांबं अगदी कमी प्रमाणातही मारक ठरतं. आपल्याकडे घरोघरी भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा हंडा किंवा कळशी असते. पिण्याला ते पाणी उत्तम, टँकला नाही. पितळेतही तांबं असतं, त्यामुळे पितळी नळ आणि जोड आरओच्या शुद्ध पाण्याच्या वाटेत नकोत. थंडीत मिठाचं पाणी कोमट करायला बादलीत टाकायची रॉड वापरणारे आहेत. बऱ्याच रॉड तांब्याच्या असतात, वर फक्त मुलामा. खाऱ्या पाण्यात ती घालूच नका, शॉकचा धोका वेगळाच. टँकसाठीचा काचेचा हीटर वापरा.

जुना टँक घेताना त्यात माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध टाकलं होतं का, हे विचारून घ्या. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. औषध द्यायचंच असेल तर मासा वेगळ्या टँकमध्ये हलवून द्या.

मखमलाबाद, आडगाव, ओझर, पिंपळगाव या बाजूला, द्राक्षबागेजवळ राहत असाल तर आणखी एक गोष्ट. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. उडद्या, फुलकिडे यांच्यावरची कीटकनाशकं तर कोळंबीसाठी त्याहून घातक, कारण कीटक आणि कोळंबी दोन्ही संधिपाद गटातले. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की बागेतून येऊन तसाच टँकमध्ये हात घालू नका. बादली, मग, नळी, सगळं टँकसाठी वेगळं ठेवा आणि त्यावर खूण करा. फवारणीच्या पंपाजवळची बादली कितीही धुतली तरी नको.

शहरातही हा धोका आहेच. डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, पावसाळ्यातली धूरफवारणी, यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. टँकचा हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. गल्लीत फवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, हवेचा पंप आणि स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र) बंद करा, हवा मोकळी झाल्यावर चालू करा. तेवढा वेळ पाणी हलतं ठेवणारा पॉवरहेड मात्र चालू राहू द्या.

पिशवीतून सरळ टँकमध्ये

बरेच विक्रेते मीठ वाचवायला पाणी कमी खारं ठेवतात, विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं एक माप) १.०२० किंवा त्याहूनही खाली. तुमच्या टँकमध्ये १.०२५ असतं. म्हणून आधी पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) मोजा. मुंबईहून चार-पाच तासांत आणलेल्या जिवासाठी ड्रिप पुरेसं आहे: हवेच्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, डब्यातलं पाणी तिप्पट होईपर्यंत. कोळंबीला निदान तास-दीड तास द्या, तारामाशाला त्याहून जास्त. तारामासा पाण्याबाहेर काढू नका, डब्यासकट बुडवून सोडा. डबा त्यासाठीच शेवटी टँकच्या पाण्याने भरून घ्या.

कुरिअरने आलेल्या, रात्रभर पिशवीत राहिलेल्या जिवांचं गणित वेगळं आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडून तासभर थेंब सोडत बसलात की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जीव घेतो. अशा वेळी पिशवीइतक्याच खारटपणाचं आणि तापमानाचं ताजं पाणी तयार ठेवा, जीव त्यात लगेच हलवा, आणि ड्रिप तिथून सुरू करा.

उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरच्या टँकमधून ५ लिटर उडालं तर दर हजारी ३५ चा खारटपणा ३६.८ च्या वर जातो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात, त्यातही पाण्यावर पंखा लावलेला असेल तर, याला फार दिवस लागत नाहीत. काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण करा आणि रोज साधं आरओ पाणी घाला. आठवड्याचं सगळं एकदम नको. बोअरचं पाणी टॉपअपला अजिबात नको.

‘मेलेली’ कोळंबी

तळाशी कोळंबी निपचित पडलेली दिसली तर आधी नीट बघा. पारदर्शक, पोकळ, पाठीकडे उकललेली असेल तर ती कात आहे. मालकीण दगडामागे लपलेली असते. नवं कवच कडक होईपर्यंत एक-दोन दिवस ती बाहेर येत नाही, तिला हुसकावू नका. मेलेली कोळंबी पांढरट-गुलाबी, अपारदर्शक होते, ती लगेच काढा. अर्धवट कात टाकून कोळंबी मरत असेल तर आधी खारटपणातले चढउतार तपासा, मग अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता), कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. न मोजता आयोडीनचे थेंब टाकू नका.

शंख तासन् तास उलटा पडला असेल तर सुलटा करा, ॲस्ट्रिया जातीला स्वतःहून वळता येत नाही. हर्मिट खेकड्यांसाठी मोठे रिकामे शंख टाकून ठेवा, नाहीतर ते घरासाठी जिवंत गोगलगायीलाच मारतात. ट्रिगर, पफर, लायनफिश यांच्यासोबत कोळंबी ठेवली तर ती त्यांचा खाऊ होते. बँडेड कोरल श्रिंप एकच ठेवा किंवा आधीच जमलेली जोडी घ्या.

सी कुकुंबर (समुद्रकाकडी), जिवंत प्रवाळ, राक्षसी शिंपला कोणी देऊ केले तर नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यांना संरक्षण देतो.

आणि मासे ठणठणीत असताना कोळंब्या, शंख पटापट मरू लागले तर अमोनिया मोजून थांबू नका. घरात, गच्चीवर, शेजारी कुठे फवारणी झाली, पेस्ट कंट्रोल झालं, नवा नळ बसला, हे विचारा. त्याच दिवशी ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, आधीच तयार केलेल्या पाण्याने २५ ते ३० टक्के पाणी बदला, आणि तांब्याचा संशय असेल तर तांबं शोषणारं फिल्टर मीडिया लावा. किटवर तांबं शून्य दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, साध्या किटला न दिसणारं प्रमाणही कोळंबीला पुरतं.