घरातील ॲलर्जीचे मूळ कसे शोधावे

शिंका, चोंदलेले नाक किंवा डोळ्यांची खाज घरातच वाढत असेल, तर किमान दोन आठवडे नोंदवही ठेवावी आणि त्रास कोणत्या खोलीत, किती वाजता व काय करताना सुरू झाला, हे त्याच वेळी लिहावे. बाहेरगावी मुक्काम केल्यावर त्रास ओसरतो का, ही नोंद माझ्या मते सर्वांत मोलाची आहे.

सकाळी उठताच शिंका येत असतील, तर पहिला संशय गादी-उशांवर घ्यावा, कारण तेथील सूक्ष्म धूळकीटक आपल्या त्वचेच्या गळालेल्या कणांवर जगतात, हवेतील ओलावा शोषून तग धरतात आणि त्यांच्या विष्ठेतील प्रथिने ॲलर्जी घडवतात. चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुऊन फरक पडतो का, ते पाहावे.

आर्द्रता सतत ५० टक्क्यांहून अधिक राहत असेल, तर कपाटामागची भिंत आणि खिडक्यांच्या चौकटी बुरशीसाठी तपासाव्यात. डाग नसूनही कुबट वास येत असल्यास भिंतीतील गळती शोधावी.

एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर नेमके कारण कळणार नाही. धाप लागत असेल, तर मात्र या शोधात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.