नजर अधू झालेल्या आजी-आजोबांसाठी ई-रीडर कसा निवडावा

खरेदीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: वाचताना नेमकं काय अडतंय? मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ते होऊन चष्म्याचा नवा नंबर येईपर्यंत थांबा. काचबिंदूत बाजूची नजर कमी होते, वाचताना ओळ सुटते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला असेल तर ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसट होतं. मधुमेह असेल तर साखरेबरोबर नजरही कमी-जास्त होऊ शकते. या सगळ्यांना एकच यंत्र चालेल, असं धरून चालू नका.

मग ई-इंकचा पडदा असलेला ई-रीडर (फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र) की टॅब, ते ठरवा. ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो, त्यामुळे सोलापूरच्या लख्ख उन्हात, अंगणात बसूनही वाचता येतं. तिथे टॅबची काच चमकते. ज्यांना झगमगाट सोसत नाही, त्यांच्यासाठी माझा कौल ई-रीडरलाच. फक्त त्यात पिवळसर उजेडाची सोय आहे ना, ते बघून घ्या. पण ई-इंकचं ‘पांढरं’ खरं तर राखाडी असतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलेल्यांना अक्षर आणि पार्श्वभूमीत ठळक फरक लागतो, आणि काळ्यावर पांढरी, मोठी अक्षरं दाखवणारा 10 इंची टॅब त्यांना बहुधा जास्त सोपा जातो. केवळ ‘डोळ्यांना चांगला’ म्हणून त्यांच्या हाती ई-रीडर देऊ नये.

आकार ठरवायला घरातच चाचणी घ्या. किंडल म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर; मोबाईलवर त्याचं ॲप मोफत मिळतं. त्यात मराठी पुस्तकाचा नमुना उघडा आणि अक्षर वाढवत जा. नुसतं ‘दिसतंय का?’ विचारलं तर आजी ‘हो’ म्हणतील, कारण त्यांना तुम्हाला त्रास द्यायचा नसतो. त्यापेक्षा मोठ्याने वाचायला सांगा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांत गफलत होत असेल तर अजून वाढवा. देवनागरीत वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, त्यामुळे अक्षराबरोबर दोन ओळींतलं अंतरही वाढवावं लागतं. न अडखळता वाचता आलं की पट्टीने एका शब्दाची रुंदी मोजा. 6 इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद असतो. त्यात ओळीला तीन शब्दही मावणार नसतील तर वाचनाची लय तुटते. मोठा पडदा घ्या. पण हात थरथरत असतील किंवा सांधे दुखत असतील तर वजनाचाही विचार करा: 6 इंची किंडल सुमारे 160 ग्रॅमचा, तर 10 इंची टॅब बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. मोठ्या यंत्राला स्टँड हवाच.

आता पुस्तकं. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आजोबा आजवर काय-काय आणत होते, ते विचारून पाच-सहा नावं लिहून काढा आणि प्रत्येक नाव शोधून बघा. किंडलवर मराठी पुस्तकं 2016 पासून मिळतात, पण हवं तेच पुस्तक असेल असं नाही. बुकगंगा या ऑनलाइन पुस्तकदुकानाची ई-पुस्तकं त्यांच्या ॲपमध्ये वाचायची असतात, तिथे टॅबच उपयोगी. सोलापुरात घरोघरी तेलुगू आणि कन्नडही वाचलं जातं. आजोबांची वाचनाची भाषा ती असेल तर त्या भाषेतली पुस्तकं त्या यंत्रावर मिळतात का, हे पैसे भरण्याआधी बघा.

पीडीएफबद्दल सावध राहा. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी मोफत मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, पण त्यात अक्षर वाढवलं की पान पडद्याबाहेर जातं आणि प्रत्येक ओळीसाठी ते सरकवत बसावं लागतं. जमेल तिथे ईपब प्रकारची फाइल घ्या, त्यात अक्षर वाढवलं तरी ओळी पडद्यातच मावतात.

नजर आणखी उतरण्याची शक्यता असेल तर आवाजाची सोयही आजच बघून ठेवा. अँड्रॉइड टॅबवर गूगलचा मराठी आवाज मजकूर वाचून दाखवतो.

यंत्र आलं की वायफाय, खातं, अक्षराचं माप सगळं तुम्हीच लावून द्या. पहिल्या दिवशी पान उलटणं तेवढं शिकवा. आणि पुढे कधी सरळ ओळी अचानक वाकड्या दिसू लागल्या किंवा मध्ये काळा डाग आला, तर अक्षर वाढवत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे घेऊन जा.