पोस्टर सेशनमध्ये प्राध्यापक शोधताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारी हा परिषदांचा हंगाम. आमच्या रसायनशास्त्र विभागासाठी मी अनेक वर्षं पोस्टर हॉलमधून, म्हणजे तरुण संशोधक आपापल्या कामाचं पोस्टर लावून शेजारी उभे असतात तिथून, माणसं हेरत आलो आहे, आणि दरवर्षी विभागप्रमुख, प्राचार्य त्याच त्या चुका करताना दिसतात. कॉलेजचं नुकसान एक वेळ भरून निघेल. पण समोरच्या मुलाचं वर्ष वाया जातं, ते मला बघवत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे उभ्या उभ्या शब्द देणं. ‘जूनपासून या, बाकी मी बघतो.’ आमच्याकडूनच हे एकदा झालं. नॅनोकणांवर पीएच.डी. केलेला एक मुलगा आम्हाला फार आवडला. संस्थेचे एक पदाधिकारी सोबत होते, ते तिथेच म्हणाले, ‘जागा तुमचीच समजा.’ त्या भरवशावर त्याने परदेशातली पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची संशोधनाची जागा) सोडली. अर्ज आला तेव्हा कुठे आम्ही कागद नीट पाहिले. एम.एस्सी. नॅनोसायन्समधली, जागा रसायनशास्त्राची. विद्यापीठाने मान्यता दिली नाही. हे सांगायला मी त्याला बोलावलं, तेव्हा त्याने मांडीवरच्या फाइलची नाडी पुन्हा बांधली आणि एवढंच विचारलं, ‘सर, हे तेव्हाच कळलं असतं ना?’ कळलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

अनुदानित कॉलेजातली कायम जागा कुणाच्या शब्दावर भरत नाही. शासनाची ना हरकत, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणारी यादी), जाहिरात, विद्यापीठाचे प्रतिनिधी असलेली निवड समिती आणि मग मान्यता, एवढं सगळं मध्ये असतं. म्हणून आता कौतुक करण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: एम.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर विषयाचं नाव नेमकं काय छापलंय, टक्के निदान 55 आहेत का (राखीव प्रवर्गाला 50), आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा कोणत्या विषयात. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे. तरी ‘पीएच.डी. आहे म्हणजे झालं’ असं समजणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

दुसरी चूक, पोस्टरच्या चकचकाटाला भुलणं. रंगीत ए-झीरो पोस्टर दुकानदार छापतो. मी एकच प्रश्न विचारतो, ‘हे एस.वाय.च्या वर्गाला कसं सांगाल?’ एका देखण्या पोस्टरसमोर एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासण्याच्या तंत्राच्या) ग्राफवर बोट ठेवून हेच विचारलं, तर उत्तर आलं, ‘सर, ते सॉफ्टवेअरमधून येतं.’ दोन फळ्या सोडून साध्या, कोपरा फाटलेल्या पोस्टरपाशी एक मुलगी उभी होती, तिलाही तेच विचारलं. तिने अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बुक (सगळ्या पोस्टरांच्या सारांशांची पुस्तिका) उलटं केलं, मागच्या कोऱ्या पानावर दोन समांतर रेघा आणि दोन किरण काढले, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘यातल्या कुठल्या किरणाला जास्त अंतर कापावं लागेल, सर?’ आणि उत्तराची वाट पाहत थांबली. शिकवणारा माणूस तिथेच ओळखू येतो.

परीक्षक पोस्टरसमोर असताना मध्ये घुसू नका. गाइड शेजारी असताना नोकरीचा विषय काढू नका, मुलाची कोंडी होते. जागा तासिका तत्त्वावरची (तासांप्रमाणे मानधनाची, तात्पुरती) असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. कायम जागेला आठवड्याला 16 तास शिकवण्याचा वर्कलोड आहे हेही लपवू नका.

नव्या विभागप्रमुखांची घाई मला अजिबात पटत नाही. चहाच्या अर्ध्या तासात शंभर पोस्टर उरकायचे, कार्डं वाटत सुटायचं, आणि परत येऊन ‘चांगलं कुणी मिळतच नाही’ म्हणायचं. माणूस असा मिळत नाही. मी आदल्या रात्री अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बुक घेऊन बसतो, दहा-बारा पोस्टरांवर खुणा करतो आणि प्रत्येकापाशी निदान दहा मिनिटं थांबतो. पुष्कळ ठिकाणी विषम क्रमांकांचे लोक एका वेळी उभे राहतात आणि सम क्रमांकांचे दुसऱ्या वेळी, तेवढं वेळापत्रक पाहून जायचं. डायरीत पोस्टर क्रमांक आणि एक ओळ लिहितो, शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा फेरी मारतो. त्या वेळी गर्दी ओसरलेली असते, मुलं मोकळेपणी बोलतात.

जो मनात भरला, त्याला जाहिरातीची वाट न पाहता एफ.वाय.च्या वर्गावर एका व्याख्यानाला बोलवा. प्रयोगशाळा दाखवा, बंद पडलेला फ्यूम हूडसुद्धा (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) दाखवा. त्याच्या येण्याजाण्याचं भाडं मात्र आपणच द्यायचं.